दोनदा ब्लफ मारला, आता तिसऱ्यांदा? पणजीतल्या एका हाताची चिरफाड

पार्श्वभूमी

हा पोकरचा हात (म्हणजे एक डाव) पणजीतला, मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो बोटीवरचा. बोटीचं आणि खेळणाऱ्यांची नावं देत नाही, एकाला पुणेकर म्हणू आणि दुसऱ्याला शेठ. पुणेकर आमच्या छोट्या ग्रुपमधला, खेळून झालेले हात आम्ही नंतर कागद-पेन घेऊन परत बघत बसतो. त्याने हा हात ग्रुपवर मांडला तेव्हा सोबत एकच प्रश्न होता, की इथे नशीब फुटकं होतं का डोकं.

पुणेकर मूळचा ऑनलाइन खेळणारा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले आणि त्याच्यासारखे बरेच जण वीकएंडला गाडी काढून गोव्याला जायला लागले. महाराष्ट्रात तसंही बसायला जागा नाही. गंमत बघा, गोव्याचा जुगार कायदा १९७६ चा आणि आपला कॅसिनो कायदाही १९७६ चाच, त्यांचा दुरुस्त्या होत होत बोटींपर्यंत पोचला आणि आपला कधी लागूच झाला नाही, शेवटी २०२३ ला रद्द केला. असो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सवय. ऑनलाइनवर समोरचाही अभ्यास करून आलेला असतो, तीन वेळा जोरात बेट आली (पैसे लावले गेले) की तो साधी जोडी टाकून देतो (फोल्ड करतो, म्हणजे डाव सोडतो), आणि आपल्याला वाटायला लागतं की तिसरी बेट म्हणजे हुकमी पान. बोटीवर बसलेला माणूस मात्र सुट्टीवर आलेला असतो.

शेठ कोल्हापूरचे, साठीच्या आसपास, दर दोन-तीन महिन्यांनी येणारे, पैशाची चणचण नसलेले. त्या रात्री दोन तासांत त्यांच्याबद्दल तीन गोष्टी दिसल्या होत्या. एक, फ्लॉपलाच (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) दोन जोड्या किंवा ट्रिप्स (सारखी तीन पानं) लागल्या की ते लगेच रेझ करत होते (बेट वाढवत होते), लपवाछपवी नाही. दोन, एकदा त्यांनी मधल्या जोडीवर रिव्हरची (शेवटच्या उघड्या पानानंतरची) मोठी बेट कॉल केली होती (तेवढेच पैसे भरून डावात राहिले होते), आणि कोणीतरी "कसं काय केलंत शेठ?" विचारल्यावर म्हणाले होते, "पत्ते टाकायला एवढ्या लांब आलोय व्हय भावा?" तीन, त्यांचं अर्धं लक्ष समोरच्या स्क्रीनवरच्या क्रिकेट मॅचमध्ये होतं.

ही तिन्ही माहिती पुणेकराकडे होती, त्यानेच ती आम्हाला सांगितली. म्हणूनच हा हात लिहून काढण्यासारखा वाटला, कारण माहिती नव्हती म्हणून चुकलं असं इथे म्हणताच येत नाही.

हात कसा आला

नो लिमिट होल्डम, म्हणजे हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक आणि बेटला मर्यादा नाही. ब्लाइंड (पत्ते वाटायच्या आधी दोघांनी भरायचे सक्तीचे पैसे) १०० आणि २००, स्मॉल आणि बिग. पुणेकर बटणावर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलायची जागा), समोर २५,००० रुपये. शेठ बिग ब्लाइंडवर, त्यांच्याकडे त्याहून जास्त. पुणेकराच्या हातात इस्पिकची राणी आणि इस्पिकचा गुलाम. सगळ्यांनी टाकले, पुणेकराने ८०० केले, स्मॉल ब्लाइंडवर बसलेल्या हैदराबादच्या पोराने टाकले, शेठनी कॉल. पॉट (मधे जमलेले पैसे) १,७००. बोटीचा रेक (पॉटमधली कपात) पुढच्या हिशोबात धरलेला नाही.

फ्लॉप: इस्पिकचा राजा, चौकट अठ्ठी, इस्पिकची चौकी. शेठ चेक (बेट न मारता पुढे), पुणेकर १,०००, शेठ कॉल. इथे बोलण्यासारखं काही नाही, फ्लश ड्रॉ आहे (आणखी एक इस्पिक आलं की एकाच रंगाची पाच पानं), राजावाला बोर्ड (टेबलावरची पानं) बटणावरून रेझ करणाऱ्याचा असतो, कोणीही हीच बेट मारेल.

टर्न (चौथं पान): बदाम दश्शी. पॉट ३,७००. शेठ चेक.

टर्नचा निर्णय

आता राजा-राणी-गुलाम-दश्शी सलग झाले, म्हणजे कुठलाही एक्का किंवा नव्वी आली तर सिक्वेन्स, आणि कुठलंही इस्पिक आलं तर फ्लश. मोजा: इस्पिकची ९ पानं उरलीत, बिनइस्पिकचे एक्के ३, नव्व्या ३. एकूण १५. न दिसलेली पानं ४६, म्हणजे रिव्हरला लागायचा चान्स जवळजवळ ३३ टक्के.

पुणेकराने २,८०० मारले. ग्रुपमध्ये यावर सगळे लगेच "बरोबर, बरोबर" म्हणाले, पण का बरोबर हे विचारल्यावर जे उत्तर आलं ते अर्धवट होतं. उत्तर असं, की कोणी फोल्ड केलंच नाही तरी ही बेट तोट्यात जात नाही. खरंय: लागलं तर ६,५०० मिळतात, नाही लागलं तर २,८०० जातात, सरासरी काढली तर दोनेकशे रुपये फायदाच निघतो. पण तुलना शून्याशी नाही करायची ना, तुलना चेकशी करायची. चेक करून फुकटात रिव्हर बघितला असता तर ३,७०० च्या पॉटमधला ३३ टक्के हिस्सा, म्हणजे साधारण १,२०० रुपये, तसेच त्याचे होते. बेट मारून त्याहून जास्त कमवायचं तर शेठनी निदान २८ टक्के वेळा टाकायला हवं.

शेठ २८ टक्के टाकतील का? फ्लॉपला अठ्ठीची जोडी, सत्तीची जोडी हातात, असली हलकी पानं घेऊन ते आलेले असणार, त्यातली काही इथे गळतात. त्यात भर म्हणजे पुणेकराला रिव्हरला लागलं की शेठ पैसे देणारच, आणि मोठ्या झालेल्या पॉटमध्ये मोठे देणार. जो माणूस टाकत नाही त्याच्याविरुद्ध ड्रॉवर बेट मारायची ती मुख्यतः या दुसऱ्या कारणासाठी. त्यामुळे टर्नची बेट मलाही पटते.

जे झालं नाही ते वेगळंच. बेट मारण्याआधी पुणेकराने रिव्हरचा विचारच केला नव्हता. नंतर विचारलं तर म्हणाला, "वाईट पान आलं तर परत मारू असं डोक्यात होतं." वाईट पान म्हणजे कुठलं? चला बघू. ४६ पैकी १५ पानांनी त्याचा हात लागतो. बिनइस्पिकची राणी किंवा गुलाम, अशी ६ पानं, त्यांनी त्याला जोडी मिळते, तिथे चेक करून शो करणं बरं. उरली २५. आता शेठकडे राजा असेल तर त्यांना घाम फुटेल अशी पानं कुठली? एक्का, इस्पिक, नव्वी. ही सगळी पुणेकराच्या स्वतःच्याच १५ मध्ये आहेत! ती पडली की ब्लफची गरजच उरत नाही, खरा हात असतो. म्हणजे ब्लफ मारायची वेळ जेव्हा जेव्हा येणार तेव्हा बोर्डवर शेठना घाबरवणारं काही नसणार, हे टर्नलाच कळण्यासारखं होतं. निम्म्याहून जास्त वेळा तो या २५ पानांमध्ये जाऊन पडणार होता आणि तिथल्यासाठी त्याच्याकडे प्लॅन नव्हता. माझ्या मते हा हात रिव्हरला नाही, इथे बिघडला, बेट बरोबर असूनसुद्धा.

शेठनी कॉल केला. आणि पटकन केला, बेट पोचली नाही तोवर चिप्स आत. एवढ्या झटकन कॉल करणाऱ्याने रेझचा विचार केलेला नसतो आणि टाकायचाही केलेला नसतो. साधारणपणे ती मधली ताकद असते: राजाची जोडी, सोबतचं पान बेताचं.

रिव्हर: प्रश्न काय होता

रिव्हर: चौकट दुर्री. काहीच बदललं नाही. पॉट ९,३००, पुणेकराकडे २०,४०० उरलेले, हातात नुसती राणी, जोडीही नाही. शेठ चेक.

पुणेकर बराच वेळ बसला. त्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, तीन कारणं होती. पहिलं, चेक केलं तर जिंकत नाही. दुसरं, दोन तास मी दगडासारखा बसलोय, माझ्या बेटला मान आहे. तिसरं, आधीच ४,६०० गेलेत.

तिसऱ्यापासून सुरू करू कारण ते सगळ्यात घातक. ते ४,६०० आता पॉटचे आहेत, त्याचे नाहीत. त्यांना वाचवायला आणखी लावायचे याला आपल्याकडे बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. दुसरं कारण ऑनलाइनवाल्या पोरांविरुद्ध चाललं असतं, पण शेठ मॅच बघत होते हो, पुणेकर दोन तास टाइट खेळला हे त्यांना कोणी सांगायचं? पहिलं कारण खरं आहे पण पुरेसं नाही. चेकने जिंकत नाही एवढ्यावरून इतकंच ठरतं की ब्लफचा विचार करायला हरकत नाही, मारायचा की नाही ते समोरचा काय टाकेल यावर ठरतं.

पर्याय कोणते होते

चार होते. चेक. लहान बेट, समजा ३,०००. पाऊण पॉट, ७,०००. आणि सगळे २०,४०० आत.

कुठला पर्याय कधी चालतो हे बघायला शेठच्या हातात काय काय असू शकतं ते मोजावं लागतं. एक्का-राजा असता तर शेठनी सुरुवातीलाच वाढवलं असतं, दोन जोड्या फ्लॉपला लागल्या असत्या तर रेझ आला असता, म्हणून ते हात काढले. उरलेले आम्ही असे धरले:

तगडे, काही झालं तरी न टाकणारे: राजा-राणी ९ प्रकारे, राजा-गुलाम ९, राजा-दश्शी ९, एकाच रंगाची दश्शी-अठ्ठी २, एकाच रंगाचा राजा-दुर्री २. एकूण ३१.

हलके राजे, म्हणजे एकाच रंगातले राजा-नव्वी, राजा-सत्ती, राजा-छक्की, राजा-पंजी, राजा-तिर्री: प्रत्येकी ३, एकूण १५.

टाकतील असे: फसलेले इस्पिक ८, इस्पिकमधलेच पण दश्शीची जोडी लागलेले २, आणि अठ्ठीची जोडी किंवा हातात नव्व्यांची जोडी असलेले जे टर्नलाही टिकले ते अंदाजे ८. एकूण १८.

सगळे मिळून ६४. आता ७,००० ची बेट. ९,३०० जिंकायला ७,००० लावायचे म्हणजे १६,३०० मधले ७,०००, ४३ टक्के वेळा फोल्ड मिळालं की बरोबरी. शेठ फक्त ते १८ टाकत असतील तर ६४ पैकी १८ म्हणजे २८ टक्के, आणि बेट दर वेळी सरासरी २,४०० रुपये खाते. पण त्यांनी हलके राजेही टाकले तर १८ आणि १५, ३३ झाले, साडेएक्कावन्न टक्के, आणि तीच बेट १,४०० कमावते. चेकलाही थोडी किंमत आहे, कारण सत्ती-छक्कीसारखे तीन फसलेले हात राणीसमोर हरतात, ते धरलं तर १५ हलक्या राजांपैकी निदान १२ टाकले गेले पाहिजेत, मगच ब्लफ चेकपेक्षा बरा.

म्हणजे एवढी सगळी आकडेमोड करून प्रश्न उरतो एकच: कोल्हापूरचे शेठ राजा-सत्ती टाकतात का?

बाकी दोन साइझबद्दल थोडक्यात. ३,००० ला फक्त २४ टक्के फोल्ड लागतं म्हणून ते स्वस्त वाटतं, पण त्या भावात शेठ अठ्ठीची जोडीही बघायला जातील, आणि मग फसलेले इस्पिकच फक्त पळतात, त्यातले काही तर आपण तसेही हरवत होतो. २०,४०० आत टाकले तर जवळजवळ ६९ टक्के फोल्ड लागतं. अभ्यासू खेळाडू तिथे राजा-राणीसुद्धा टाकू शकतो, त्यामुळे योग्य माणसाविरुद्ध हा पर्याय वेडेपणा नाही. शेठविरुद्ध आहे.

एकाने सॉल्व्हरचा (आदर्श खेळ काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मुद्दा काढला. की थिअरीप्रमाणे ७,००० च्या बेटमध्ये ३० टक्के ब्लफ असायलाच हवेत, मग हा का नको? ठीक आहे, पण थिअरीतही कुठला हात ब्लफला घ्यायचा हे ठरलेलं असतं. आपल्या हातातल्या राणी-गुलामामुळे शेठकडे राजा-राणी आणि राजा-गुलाम असायची शक्यता कमी होते, १२ ऐवजी ९-९, हे चांगलं. पण ती पानं इस्पिकची असल्यामुळे शेठचे फसलेले इस्पिकही कमी होतात, आणि नेमके तेच हात टाकले जाणार होते. फसलेला फ्लश घेऊन रिव्हरला ब्लफ मारायचा मोह सगळ्यांना होतो, आणि ब्लफला सगळ्यात वाईट हात बऱ्याचदा तोच असतो. हीच राणी-गुलाम बदामाची किंवा किलवरची असती तर हिशोब जरा सुधारला असता. शिवाय ३० टक्क्यांचा तो तोल ज्याच्यासाठी सांभाळायचा तो माणूस आपल्या सवयी टिपून ठेवणारा हवा.

काय केलं आणि काय झालं

पुणेकराने ७,००० मारले.

शेठनी पहिल्यांदाच स्क्रीनवरून नजर काढली. पत्ते परत बघितले, पुणेकराकडे बघितलं, म्हणाले, "राजाच आहे माझ्याकडं, मोठा नाही." मग पाच-सहा सेकंदांनी चिप्स पुढे ढकलल्या. पुणेकराने राणी दाखवली, शेठनी किलवरचा राजा आणि किलवर सत्ती. ११,६०० गेले, १३,४०० उरले.

आता निकालावरून निर्णय जोखायचा नाही हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरी ग्रुपमध्ये शेठचे पत्ते कळल्यावर दोघांनी मतं फिरवली. तेच शेठ त्या क्षणी टाकून मोकळे झाले असते तर याच हाताला "काय वाचलं रे त्यांना" म्हणून शाबासकी मिळाली असती. राजा-सत्ती निघाली यातून काही सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते दोन तासांतल्या वागण्यातून. मधली जोडी कॉल करणारा, पत्ते टाकायला आलो नाही असं तोंडाने सांगणारा माणूस १५ पैकी १२ हलके राजे टाकेल असं मानायला काहीच आधार नव्हता. मी तीन-चार धरले असते, तेही उदार होऊन.

पुणेकराचं यावर म्हणणं असं, की शेठ थांबले, विचार केला, म्हणजे जवळ आलेच होते. मला नाही पटत. ज्याला टाकायचं असतं तो हात काय आहे हे मोठ्याने सांगून तुमच्या तोंडाकडे बघत नाही, ते कॉलसाठी कारण शोधणं असतं.

आणखी एक परिणाम झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं, राणी उघडी पडल्यावर टेबलावरचे सगळेच पुणेकराला कॉल करायला लागले. हे मात्र त्याने छान वापरलं. पुढचे काही तास ब्लफ पूर्ण बंद, चांगल्या पानांवर तिन्ही राउंड बेट. त्यात दोन वेळा शेठनीच दुसऱ्या नंबरच्या जोडीवर शेवटपर्यंत पैसे दिले. उठला तेव्हा थोडा मायनसच होता, पण भोक बरंच बुजलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

फ्लॉप, टर्न तसंच. रिव्हरला चेक, ४,६०० चं नुकसान, पुढचा हात. दिसायला अगदी बोरिंग.

पण तोच हात, तेच बोर्ड, आणि बिग ब्लाइंडवर शेठऐवजी तो हैदराबादचा पोरगा असता तर? तो हेडफोन लावून बसलेला, प्रत्येक बेटची साइझ बघणारा, आधी एकदा रिव्हरला चांगली जोडी टाकून दाखवलेला. त्याच्याविरुद्ध मी ७,००० मारले असते, कदाचित सगळेच आत टाकले असते, कारण ते १५ हलके राजे तो खरंच टाकतो. पत्ते तेच, निर्णय उलटा.

टर्नला बेट मारतानाच, चिप्स हातातून सुटायच्या आधी, दोन प्रश्न विचारायला हवे होते: कॉल झाला तर समोर काय उरतं, आणि लागलं नाही तर कुठल्या पानावर हा माणूस त्यातलं किती टाकेल? उत्तर "कुठल्याच नाही" आलं तर टर्नची बेट तरीही चालते, फक्त तेव्हाच ठरवून टाकायचं की ही शेवटची. रिव्हरला पोचल्यावर ठरवायला बसलं की पॉट मोठा झालेला असतो, सगळे बघत असतात, आणि थांबणं म्हणजे हार मानणं वाटायला लागतं.

टर्नच्या साइझवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. एकाचं म्हणणं, शेठ टाकतच नाहीत तर टर्नला १,५०० पुरे होते, ड्रॉ स्वस्तात बघायचा. माझं म्हणणं उलटं: १५ पानं आपली आहेत आणि लागल्यावर शेठ पॉटच्या हिशोबात पैसे देतात, मग पॉट लहान का ठेवायचा? दोघांचंही गणित बरोबर निघतं, फरक फक्त रिव्हरला लागल्यावर शेठ किती देतील या अंदाजाचा. पुणेकर पुढच्या महिन्यात परत चाललाय, शेठ असले तर बघून सांगतो म्हणाला.